नव्या गाडीला स्टेपनी नाही: शहाद्याच्या एका गाडीचं प्रकरण

प्रकरण माझ्या मावसभावाचं. वयाने मोठे, आम्ही त्यांना नाना म्हणतो. घर नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला, नोकरी धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत. दिवाळीत त्यांनी कंपनी फिटिंग सीएनजीची नवी गाडी घेतली. पाच नटांची, सोळा इंची आलॉय व्हील, आणि गॅसच्या दोन टाक्या डिक्कीच्या तळाखाली. टाक्या खाली गेल्यामुळे डिक्की मोकळी राहते, म्हणूनच वहिनींनी ही गाडी पसंत केली होती. डिलिव्हरीच्या दिवशी हार, नारळ, पेढे, फोटो सगळं झालं. पुढे एकदा हवा भरायला गेले असताना आबा, म्हणजे नानांचे वडील, म्हणाले, "स्टेपनीनी हवाबी पाही ले." डिक्कीतला गालिचा उचलला, तर कप्प्यात एक छोटा कॉम्प्रेसर आणि पांढऱ्या द्रवाची बाटली. चाक नाही, जॅक नाही, पाना नाही.

मी धुळ्याला एका वर्कशॉपच्या पार्ट्स काउंटरवर काम करतो. नानांचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न होता, "भाऊ, शोरूमवाल्यांनी आपल्याला फसवलं का रे?"

कायद्याने पाहिलं तर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ती लागू आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिलेला असेल, तर स्टेपनी देण्याची सक्ती कंपनीवर उरत नाही. नानांच्या गाडीत तिन्ही गोष्टी होत्या. शोरूममध्ये तोंडी 'स्टेपनी येतेच' असं सांगितलं गेलं होतं, पण बुकिंगच्या कागदावर तो शब्द नव्हता. माहितीपत्रकात त्या मॉडेलच्या रकान्यात 'पंक्चर रिपेअर किट' छापलेलं होतं. त्यामुळे भांडणाला आधार नव्हता आणि नानांनी त्यात वेळही घालवला नाही, ते बरं केलं. गाडी घेणाऱ्याने एवढं मात्र करावं: पैसे भरण्याआधी, ज्या मॉडेलची पावती फाडतोय त्याच मॉडेलच्या उभ्या गाडीची डिक्की उघडून गालिचा उचलून पाहावा. वरच्या आणि खालच्या मॉडेलमध्ये, पेट्रोल आणि सीएनजीमध्ये इथे फरक असतो.

दुसरा प्रश्न खरा होता. किट पुरेल का?

किटचं काम मर्यादित आहे, पण ते त्या मर्यादेत चांगलं होतं. खिळा, तारेचा तुकडा, बाभळीचा काटा टायरच्या तळव्यात, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसला आणि भोक चार-पाच मिलिमीटरच्या आत असलं, तर बाटलीतला द्रव वाल्वमधून आत सोडायचा, कॉम्प्रेसरने हवा भरायची आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून पंक्चरवाल्याकडे जायचं. बाटली एकदा वापरली की संपली, आणि न वापरताही तिच्यावर मुदतीची तारीख असते. टायरची कड फाटली, डिस्कचा (टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकाचा) काठ वाकला, टायर फुटला, यातलं काहीही झालं तर बाटलीचा उपयोग शून्य. चिरेतून द्रव बाहेर वाहतो, एवढंच.

आता आपला मुलूख पाहा. जळगाव-भुसावळ, धुळे-पारोळा-एरंडोल असा राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ज्याचा वावर आहे, त्याला दर दोन-पाच किलोमीटरवर पंक्चरचं दुकान आहे, १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे, कंपनीची मदतगाडीही येते. अशा माणसाने किटवर भागवलं तर मी त्याला अडवणार नाही. पण गाडी शेतात नेणाऱ्याचा हिशेब वेगळा. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी तिरपी छाटली जाते आणि तिचे खुंट जमिनीतून भाल्यासारखे वर राहतात. ट्रॅक्टरवाल्यांना विचारा, हे खुंट टायरच्या गालात, म्हणजे कडेत घुसतात. आणि नानांचा रस्ता तर सातपुड्याचा. डांबराची कड तुटलेली, खाली अर्धा फूट खोल मुरूम आणि धारेचे दगड, समोरून जीप आली की एका बाजूची दोन चाकं खाली उतरवावीच लागतात. तळोद्याकडून चांदसैली घाटाने यायचं तर पावसाळ्यात दरडीचे दगड रस्त्यावर असतात. वरती बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे मदतगाडीला बोलवायचं तरी कसं? या रस्त्यावर टायर जातो तो बहुतेक कडेने जातो. नानांना मी सांगितलं, तुम्हाला पूर्ण मापाचं पाचवं चाक लागेल, आणि किटसुद्धा ठेवा.

इथून पुढे खरं काम सुरू झालं. पाचवं चाक आणायचं म्हणजे काय आणायचं?

शोरूमने सुचवलं ते पाचवं आलॉय. किंमत स्टीलच्या डिस्कच्या तिपटीहून जास्त, वर ऑर्डर टाकून थांबायचं. जे चाक वर्षातून एखाद्या वेळी लागणार आणि दगडांवर चालणार, त्यावर एवढा खर्च करण्यात मला अर्थ दिसला नाही. त्यापेक्षा स्टील बरं. दगडावर आपटून आलॉय तडकलं तर ते टाकूनच द्यावं लागतं. स्टीलचा काठ वाकतो, पण हवा बऱ्याचदा धरून ठेवतो.

नानांच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने बारीक स्टेपनी सुचवली, काही गाड्यांत पिवळ्या किंवा काळ्या डिस्कवर सायकलसारखा अरुंद टायर येतो ती. त्या टायरच्या मापाआधी इंग्रजी टी अक्षर असतं, म्हणजे तात्पुरता. त्यात हवा भरायची ती ६० पीएसआय, नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, आणि वेग ८० च्या आत. जागा कमी लागते हा तिचा मोठा गुण. पण अरुंद टायरला पकड कमी, घाट उतरताना ब्रेक लावला की गाडी एका अंगाला ओढते. धडगावहून शहाद्यापर्यंत भरलेली गाडी त्या चाकावर उतरवायची, हे मला पटलं नाही.

मग तिसरा रस्ता, जो आपल्याकडे सगळे धरतात: जुन्या स्पेअरच्या दुकानातून डिस्क, आणि घरात पडलेला एखादा टायर. नानांच्या मेव्हण्याकडे एक टायर होता, २०५/५५ आर १६, जवळजवळ नवा. गाडीचं माप २०५/६५ आर १६. रुंदी तीच, डिस्क सोळाचीच, मधला एक आकडा तेवढा वेगळा. नाना म्हणाले, "एवढ्याने काय बिघडतं?"

बिघडतं. मधला आकडा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, ते. २०५ चे ६५ टक्के १३३ मिलिमीटर, ५५ टक्के ११३. वरची आणि खालची अशी दोन्ही बाजूंची उंची धरून आणि सोळा इंचांचे ४०६ मिलिमीटर मिळवून गाडीचं चाक होतं ६७३ मिलिमीटर व्यासाचं, मेव्हण्याचं ६३२. चार सेंटिमीटरचा फरक, सहा टक्के. मोठं चाक एका किलोमीटरला साधारण ४७३ फेरे घेतं, लहान ५०४. पुढच्या एका बाजूला असं लहान चाक लावलं की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सतत फिरत राहतं, तापतं. एबीएसला, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, वाटतं एक चाक घसरतंय. शिवाय भाराचा आकडा. गाडीच्या टायरवर ९५ होतं, म्हणजे एका टायरला ६९० किलो; मेव्हण्याच्या टायरवर ९१, म्हणजे ६१५. पाच माणसं, गॅसच्या टाक्या आणि डिक्कीत धान्याचं पोतं अशी गाडी घाटात चालवायची आणि एका कोपऱ्यावर ७५ किलो कमी पेलणारा टायर ठेवायचा, हे नको. टायर मेव्हण्याकडे परत गेला.

डिस्कच्या बाबतीत जे झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण लोक इथेच चुकतात.

धुळ्यातल्या दुकानात आम्ही सोळा इंची पाच होलची डिस्क पाहिली. होलांच्या वर्तुळाचा व्यास ११४.३ मिलिमीटर, नानांच्या गाडीचाही तोच. दुकानदाराने पट्टी लावून दाखवली आणि म्हणाला, "पाची होल जुळतस, मंग काय पाहनं शे?" मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, नेला होता. डिस्कच्या मधल्या मोठ्या होलाला लावला: ६०.१. नानांच्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ६७.१. तिथेच गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक काढलं आणि डिस्क हबला लावली. पाचही बोल्ट होलांत आले, पण डिस्क हबच्या गोल उंचवट्यावर अडून राहिली. मागच्या बाजूने पाहिलं तर ब्रेकची डिस्क आणि ही डिस्क यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता. दुकानदार म्हणाला, लेथवर सात मिलिमीटर वाढवून देतो, दोन तासांचं काम आहे.

मी नाही म्हटलं. लेथवर होल मोठं होईल, पण ते नटांच्या वर्तुळाशी तंतोतंत मध्यात राहील याची खात्री कोण देणार? मधलं होल हबवर घट्ट बसतं तेव्हा चाक आपोआप मध्यात येतं. नटांचं काम चाक दाबून धरायचं. मधलं होल ढिलं असेल तर चाक फक्त नटांच्या आधाराने मध्यात राहतं. उलट बाजूचा प्रकार म्हणूनच जास्त वाईट: ज्या डिस्कचं मधलं होल हबपेक्षा मोठं आहे ती विनातक्रार बसते, नट आवळले जातात, आणि नंतर साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. न बसणारी डिस्क निदान दुकानातच कळते.

होल जुळली तरी ऑफसेट राहतोच, म्हणजे हबला टेकणारा भाग डिस्कच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे ते. त्यात फरक असला की टायर आत सस्पेन्शनला घासतो किंवा बाहेर मडगार्डला. आणि ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग. पुढचे ब्रेक मागच्यांपेक्षा मोठे असतात, त्यामुळे मागे सहज बसणारी डिस्क पुढे कॅलिपरला घासू शकते. स्टेपनी तपासायची ती नेहमी पुढच्या हबवर लावून, हाताने पूर्ण फिरवून.

एवढी मापं जुळवत बसण्याला सोपा पर्याय असतो, तो लोक विसरतात. नानांच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला सोळा इंची स्टीलच्या डिस्क येतात, वर प्लास्टिकची झाकणं. तीच गाडी, तोच हब, तेच ब्रेक. त्या मॉडेलचा पार्ट नंबर काढला आणि नवी डिस्क मागवली. किंमत तीन हजारांच्या आत. होल, मधलं माप, ऑफसेट, सगळं कंपनीनेच जुळवलेलं. एकच गोष्ट तपासायची राहते, नट. आलॉयचे काही नट सपाट वॉशरचे असतात, ते स्टीलच्या डिस्कच्या निमुळत्या खोबणीत बसत नाहीत. नानांच्या गाडीला निमुळते नट होते आणि गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही डिस्कना तेच नट दिले होते, त्यामुळे वेगळा संच घ्यावा लागला नाही. वेगळा लागत असेल तर तो स्टेपनीसोबत पिशवीत बांधूनच ठेवावा.

टायर त्याच मापाचा, त्याच भाराचा, नवा घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा झाला. दुकानात टायर उलटून कडेवरचे चार आकडे पाहिले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्टेपनीचा टायर झिजून जात नाही, पडून पडून म्हातारा होतो, म्हणून तो घेतानाच ताजा हवा. हवेच्या सेन्सरचा विचार केला आणि सोडून दिला. स्टेपनीत सेन्सर नसेल तर ती लावल्यावर डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या दोन-चार दिवसांसाठी तो खर्च नको, दिवा का लागला ते घरात सगळ्यांना माहीत असलं म्हणजे झालं.

आता चाक ठेवायचं कुठे? डिक्कीच्या तळाला खळगा नाही, खाली टाक्या. टायर-डिस्क मिळून वजन १८ किलोच्या आसपास. मोकळं ठेवलं तर जोराच्या ब्रेकला ते मागच्या सीटवर येऊन आदळणार, आणि मागच्या सीटवर नानांच्या मुली बसतात. शहाद्याच्या एका फिटरने तळाला होल पाडून बोल्टने चाक आवळायचं सुचवलं. हे मी फोनवरच थांबवलं. त्या पत्र्याखाली २०० बार दाबाच्या टाक्या आणि गॅसच्या नळ्या आहेत. तिथे ड्रिल चालवायचा विषयच नाही. कंपनीने डिक्कीत सामान बांधायला दिलेल्या कड्यांतूनच रॅचेटचा (खटक्याने आवळायचा) पट्टा ओवला, चाक आडवं ठेवून ते सीटच्या पाठीला टेकवलं, पट्टा डिस्कच्या होलांतून फिरवून आवळला, आणि घासून आवाज येऊ नये म्हणून खाली जुन्या रबरी मॅटचा तुकडा टाकला. टाक्यांचा हाताने बंद करायचा वाल्व आणि तपासणीचं झाकण उघडं राहील अशी जागा धरली. दर तीन वर्षांनी टाक्यांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी असते, तेव्हाही चाक दोन मिनिटांत बाहेर निघालं पाहिजे. वहिनींची अर्धी डिक्की गेली. त्यांना ते आवडलं नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे.

स्टेपनी नसलेल्या गाडीत जॅक-पानाही नसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कात्रीचा जॅक घेताना दोन गोष्टी पाहिल्या: टायर बसल्यावर गाडीखाली शिरेल इतका तो बुटका आहे का, आणि गाडीच्या खालच्या काठाच्या दोन खाचांमध्ये त्याचं डोकं बसतं का. पाना २१ नंबरचा लागला. बाजारात पटकन मिळतो तो १९ चा, तो या नटांना चालत नाही. सोबत सागाच्या फळीचा फूटभर तुकडा. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक लावला की गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. हवा नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त भरून ठेवली. रस्त्यात हवा कमी करता येते, वाढवायला कॉम्प्रेसर काढावा लागतो. आणि ती मोजायची सकाळी, गाडी थंड असताना. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी मोजलेल्या हवेवर विश्वास ठेवू नये, पाच-सहा अंश तापमान वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो.

शेवटी अंगणात नानांकडून पूर्ण चाक बदलून घेतलं. नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करायचे, मग गाडी उचलायची. लावताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे आणि शेवटचा आवळ गाडी खाली टेकल्यावर. वहिनींनीही ते करून पाहिलं. पायाने पाना दाबून उडी मारायची सवय आपल्याकडे आहे, ती नको. त्याने बोल्टचे आटे जातात.

स्टेपनी खरोखर कामी आली ती होळीच्या आधी. भोंगऱ्या बाजाराचे, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजारांचे दिवस, धडगावच्या रस्त्यावर जीपांची रांग. संध्याकाळी खाली उतरताना नानांनी एका जीपला वाट द्यायला डावी बाजू खाली घेतली आणि पुढचा डावा टायर दगडाच्या धारेवर कापला गेला. कडेला बोटभर लांब चीर. नाना पुढे थोडी सपाटी बघून थांबले, मागच्या चाकांना दगड लावले, फळीवर जॅक ठेवला आणि अंधार पडायच्या आत म्हसावदकडे लागले. घरी पोहोचल्यावर नट पुन्हा आवळले, दुसऱ्या दिवशी धुळ्याकडे येताना परत एकदा.

कडेला कापलेल्या टायरला पॅच चालत नाही, नवाच घ्यावा लागला. त्याच कंपनीचा त्याच नक्षीचा टायर शहाद्याला लगेच मिळाला नाही, तोवर नाना स्टीलच्या चाकावर शाळेत जात-येत राहिले. पूर्ण मापाचं चाक असल्यामुळे ते शक्य झालं. विम्याचं नानांनी विचारलं होतं. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालेलं असेल तरच, आणि तेही टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. टायरसाठी वेगळं जोड-संरक्षण मिळतं, ते या वर्षीच्या नूतनीकरणात घ्यायचं ठरलं आहे. स्टेपनी परत डिक्कीत पट्ट्याने बांधली आहे, आणि किटच्या बाटलीवरची मुदतीची तारीख वहिनींनी गॅस टाकीच्या टेस्टच्या तारखेखाली लिहून ठेवली आहे.